भाऊंचं नाक

मी काही लेखक नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि वडीलधाऱ्या माणसाबद्दल असली तक्रार लिहिणं हा आगाऊपणाच आहे. क्षमा असावी. पण दोन आठवडे मी जे सोसलं, ते कुठेतरी सांगायलाच हवं.

रत्नागिरीत मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहतो, त्या भाऊंनी चाळीस वर्षांची विडी एका सकाळी बंद केली. हळूहळू नाही, एकदम. कारण त्यांची लेक, दापोलीला दिलेली सुमाताई. तिचे दिवस भरत आले होते. तिने फोनवर बजावलं, "विडी सुटेपर्यंत बाळाजवळ यायचं नाही. आणि सुटली म्हणून सांगूही नका, तीनदा ऐकलंय. खात्री पटली की मीच बोलावीन." भाऊंनी उरलेलं बंडल चुलीत टाकलं, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचे, म्हणजे माझे, हाल सुरू झाले.

पहिले तीन दिवस ते नुसते ओरडले. माझ्यावर, मांजरावर, रेडिओवरच्या बाईवर. माझ्या आईने दिलेला लाडवांचा डबा एकट्याने संपवला आणि वर म्हणाले, "तुझी आये साखर कमी घालते रे."

मग त्यांचं नाक परत आलं. विडी सुटली की वास यायला लागतात, हे आधी कोणी सांगत नाही. भाऊंना चाळीस वर्षांचे सगळे एकदम आले. "मेल्या, हे मोजे की सुकट?" मी मोजे धुतले. शेजारच्या हमीदाचाचींनी बांगडे तळले, तर हे कुंपणापाशी जाऊन, "चाची, तेल बदला!"

चाचींनी झारा उगारला. "भाऊ, तू विडीच ओढ कसा! तेव्हा बरा होतास."

हद्द झाली ती आंब्यांत. पेंढ्यात आंबे पिकायला घातले, आढी लावली, की आठ दिवस हात लावायचा नाही, हे मला भाऊंनीच दरडावून शिकवलेलं. आता तिसऱ्याच दिवशी, "वास सुटला! पिकला!" म्हणत त्यांनी अख्खी आढी उपसली. आंबे दगडासारखे. पुन्हा झाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अर्धे आंबे सुरकुतले, आणि बोल कोणाला? मला! "तुझ्या साबणाने नाक फसलं माझं."

परीक्षा तोंडावर, आणि मी आंघोळीला साबणही लावायचा नाही? तिरमिरीत टपरीवर गेलो आणि विडीचं बंडल आणलं. ओढा आणि आम्हाला जगू द्या, असं तोंडावर सांगणार होतो.

आत आलो तर भाऊ जमिनीवर बसलेले. समोर ट्रंक उघडी. बाळाला गुंडाळायला जुनं मऊ पातळ लागतं, म्हणून गेलेल्या काकींची, सुमाताईच्या आईची, पातळं त्यांनी बाहेर काढली होती. एक नाकाशी धरलं होतं.

"विडीचा वास येतोय रे," ते म्हणाले. "सगळ्यांना. सहा वर्षं झाली तिला जाऊन, तरी."

त्यांनी पातळ मांडीवर घेऊन त्याची घडी नीट केली.

"कधी बोलली नाही. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर."

बंडल माझ्या खिशातच राहिलं. आम्ही दोघांनी पातळं विहिरीवर नेली. दोनदा धुतली, तिसऱ्यांदा रिठे घालून. पिळत असताना माझा फोन वाजला. सुमाताई.

"खरं सांग. सोडलीय त्यांनी?"

"हो ताई. आणि फार त्रास देतायत."

ती म्हणाली, "त्यांना दे."

भाऊंनी ओल्या हातानेच फोन कानाला लावला. नुसते "हं, हं" करत राहिले. मग फोन परत दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलगी झालीय. काल सकाळी. मला बोलावलंय."