काटा आल्याचा दाखला

वीज कंपनीतून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या डाव्या हातावर एका संध्याकाळी, जेवणाच्या टेबलाशी बसले असताना, काटा आला. तो पूर्वसूचना न देता आला, मनगटापासून कोपरापर्यंत पसरला आणि कोणाचीही सही न घेता निघून गेला. घरात त्या वेळी थंडी नव्हती, भांडण नव्हतं, विजेचं बिलही आलेलं नव्हतं. सूनबाई भांडी घासत होती आणि ओट्यावर ठेवलेल्या तिच्या फोनमध्ये एक माणूस गात होता, एवढंच काय ते घडलं होतं.

हा माणूस चौघांच्या एका मंडळीत गायचा. मंडळीकडे वाद्य औषधालाही नव्हतं, जे काय असेल ते तोंडाने. तिघे वरच्या पट्टीत बागडायचे आणि हा खाली घराच्या पायासारखा उभा असायचा. मंडळीच्या कामातून सवड मिळाली की तो एकटा बसून इतरांची जुनी, सगळ्यांच्या ओळखीची गाणी आपल्या खर्जात म्हणायचा आणि लोकांसाठी इंटरनेटवर टाकायचा. रसिक त्याला खर्जवाला म्हणत. त्या संध्याकाळी तो निरोपाचं एक जुनं गाणं म्हणत होता, आणि ओळीच्या शेवटी असा काही खाली उतरला की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं.

मीटरसाहेबांना, म्हणजे या गृहस्थांना, आवाजाची ओळख पटली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते काम नसतानाही उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळ जाऊन उभे राहत. धडधाकट ट्रान्सफॉर्मरची घुमी, तो खोल, सलग गुंजणारा आवाज, छातीत येऊन बसते, आणि ती बसली की माणसाला वाटतं, सगळीकडे दिवे लागलेत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांना एक पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतर छातीत काही येऊन बसलं नव्हतं. त्यांना बघून आता कोणी मीटरच्या खोलीला घाईघाईने कुलूपही लावत नव्हतं. साहेबांना तो काटा पुन्हा हवा होता. यात त्यांनी जगावेगळं काही मागितलं असं कोणी म्हणणार नाही.

सूनबाईकडून शिकून त्यांनी गाण्याखाली अभिप्राय लिहिला, "चांगलं आहे." मग कुतूहलाने इतरांचे वाचले आणि त्यांचं डोकं फिरलं. एका बाईंच्या इमारतीचा पाया हलला होता. एकाचा मूत्रखडा गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात पडला होता. एक जण गाणं ऐकून मेला होता, आणि हे त्याने स्वतः लिहिलं होतं. अंगावर काटा तर सगळ्यांच्याच आला होता. कोणाच्या मांजरीच्या, कोणाच्या गालिच्याच्यासुद्धा.

"खोटं रीडिंग," साहेब म्हणाले.

"अहो, लोक कौतुक करतायत," त्यांची बायको म्हणाली. "करू द्या की."

"कौतुकाला माझी हरकत नाही. पण कोणी तपासायला जात नाही म्हणून हवे ते आकडे सांगायचे? मग माझ्या खऱ्या काट्याला किंमत काय राहिली?"

या प्रश्नातून खर्ज रसिक मंडळाचा जन्म झाला. पहिली सभा शेजारच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरली. डॉक्टर खर्जवाल्याचे जुने चाहते. दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज झाकायला ते दवाखान्यात त्याचीच गाणी लावत. शिवाय त्यांच्याकडे हवा तसा वळणारा दिवा होता, भिंग होतं आणि माणसाला आडवं करायची खुर्ची होती.

सभेत कौतुकाची वर्गवारी ठरली. वर्ग एक, काटा. वर्ग दोन, नुसतीच मान डोलावणारे. मान काय, टेबलफॅनही हलवतो. वर्ग तीन, डोळ्यांत पाणी येणारे. पाणी कांद्यानेही येतं, त्यामुळे ते पुरावा म्हणून धरायचं नाही, असा ठराव एकमताने झाला. उमेदवाराने कानाला हेडफोन लावून तेच निरोपाचं गाणं ऐकायचं, ठरलेल्या ओळीला डॉक्टरांनी दिव्याखाली हात बघायचा आणि काटा आढळल्यास दाखला द्यायचा.

पहिल्याच दिवशी झाडून सगळे उमेदवार वर्ग एकमध्ये उत्तीर्ण झाले. साहेबांना संशय आला. आयुष्यभर त्यांनी चुंबक लावून हळू केलेली मीटरं पकडली होती. सगळं रीडिंग एकसारखं आलं की कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांना कळायचं. चौकशीत आढळलं, की पलीकडच्या खोलीत डॉक्टरांचे सहायक कोणाची तरी दाढ कोरत होते. त्या आवाजाने आलेले काटे गाण्याच्या खाती जमा झाले होते. सगळे दाखले रद्द झाले आणि तपासणी साहेबांच्या बैठकीच्या खोलीत हलवण्यात आली. दिवा, भिंग आणि डॉक्टर सोबत आले.

तिथे खिडक्या बंद, पंखा ठरावीक वेगावर, डावी बाही वर. तरी तक्रारी आल्याच. ज्यांच्या हातावर मुळात केसच नाहीत त्यांचं काय, असं एका गृहस्थांनी विचारलं. त्यांच्यासाठी मानेचा मागचा भाग ग्राह्य धरला गेला. एकाची कातडी जन्मापासूनच खरखरीत होती. त्याला गाणं न ऐकवताच कायमस्वरूपी दाखला मिळाला आणि लोक त्याच्याकडे हेव्याने बघू लागले. एकाच्या बाहीतून बर्फाचा खडा निघाला. कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरने पाटी लावली, 'काट्यासाठी हात तयार करून मिळतील.' सभासद वाढत गेले. त्यांच्यात आता गाण्याबद्दल बोलणं जवळजवळ थांबलं होतं, आणि शिस्त आल्याचं ते लक्षण आहे असं साहेबांना वाटायचं.

अशात बातमी आली. खर्जवाला स्वतः गावात येणार होता, एकटा, एका छोट्या सभागृहात. व्यवस्थापकाने गर्दीला घाबरून आसनव्यवस्था मंडळाच्या गळ्यात घातली. मंडळाने न्याय केला. वर्ग एकने आत बसायचं. वर्ग दोन आणि तीनने बाहेरच्या जिन्यावर. आतली जी खुर्ची रिकामी होईल तिच्यावर प्रतीक्षा यादीतला, मधल्या वाटेत उभा असलेला माणूस तत्काळ बसेल. आणि दाखले सगळ्यांनी नव्याने काढायचे, कारण जुनं रीडिंग चालत नाही. हे शेवटचं कलम साहेबांनी स्वतः घातलं होतं.

साहेबांच्या बायकोचीही तपासणी झाली. ठरलेली ओळ आली तेव्हा तिचे डोळे भरून वाहू लागले. तिला वर्ग तीन मिळाला. घरचीच असूनही तिला सूट दिली नाही, याची सभेच्या इतिवृत्तात गौरवाने नोंद झाली.

मग साहेब खुर्चीत बसले. ओळ आली, ओळ गेली. हात टेबलाच्या फळीसारखा गुळगुळीत.

"पुन्हा लावा," साहेब म्हणाले.

पुन्हा लावलं. डॉक्टरांनी भिंग पुसलं, दिवा जवळ आणला, मग ओशाळून म्हणाले, "साहेब, काही दिसत नाही. तुम्ही उद्या बघा. नियम तुमचाच, म्हणून म्हणतो."

साहेबांनी ते गाणं गच्चीवर ऐकून बघितलं, उपाशीपोटी ऐकलं, न्हाणीघरात दार लावून ऐकलं. प्रत्येक वेळी खर्जवाला जीव ओतून खाली उतरायचा आणि साहेब वर हाताकडे बघत बसलेले असायचे. इतक्या लोकांच्या काट्यांची राखण करताना त्या ओळीचा त्यांच्यासाठी पार सांगाडा झाला होता. मनातून ते हादरले. सभागृहात पहिली खुर्ची मिळणार नाही हे दुःख होतंच, पण छातीतली ती घुमी आपल्याला पुन्हा कधीच ऐकू येणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

"अहो, हात काय ऐकणार आहे?" बायको म्हणाली. "डोळे मिटा आणि गाणं ऐका."

"डोळे मिटले तर काटा आलेला दिसणार कसा?"

ती ताटल्या विसळायला गेली. तिच्या हातातला चमचा स्टीलच्या ताटलीवरून करकरत घसरला, आणि साहेबांच्या दोन्ही हातांवर कणसावर दाणे भरावेत तसा काटा भरला.

साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. वायर टाकून खांबावरून परस्पर वीज ओढणाऱ्यांना त्यांनी कधी सोडलं नव्हतं. याला आकडा टाकणं म्हणतात आणि त्यासाठी त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याचीही वीज तोडली होती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "उद्या डॉक्टर आले की स्वयंपाकघरात असशील ना?"

"का?"

"ती ताटली राहू दे ओट्यावर. आणि चमचा."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. "शोभतं का तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या ओळीला स्वयंपाकघराच्या पडद्यामागून करकर आली. साहेबांनी हेडफोन एका कानावरून किंचित सरकवून ठेवला होता. काटा असा आला की डॉक्टरांना भिंगाची गरज पडली नाही. डॉक्टरांच्या स्वतःच्या हातावरही आला. 'परीक्षकही हेलावले' असा शेरा मारून साहेबांना पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची देण्यात आली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. आत सगळ्यांच्या डाव्या बाह्या दुमडलेल्या. दार उघडं होतं आणि त्यातून जिन्यावर दाटीवाटीने बसलेले मानवाले आणि पाणीवाले दिसत होते. खर्जवाला रंगमंचावर आला. बारकेला, थोडा पोक काढून चालणारा माणूस, हातात पाण्याची बाटली. त्याने सुरुवात केली आणि सगळं सभागृह एका वेळी आपापल्या हातावर वाकलं. डॉक्टर बॅटरी घेऊन रांगांमधून फिरू लागले.

गाणारा कडवंभर गायला. समोर त्याला एकही चेहरा दिसत नव्हता, नुसत्या टाळवा आणि भांग. आपल्याकडून काहीतरी भयंकर झालं असावं असं वाटून तो ओळीच्या मधेच थांबला. तो थांबलाय हे आत बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही.

"माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

साध्या बोलण्यातला, जरा भ्यालेला, खोल आवाज होता तो. साहेबांनी दचकून वर बघितलं. त्या माणसाचा चेहरा त्यांना पहिल्यांदाच नीट दिसला आणि त्याच क्षणी त्यांच्या हातावर काटा आला. चमच्याशिवाय आला, मानेपर्यंत चढला. ते धडपडून म्हणाले, "डॉक्टर, बघा, आला."

डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि मान हलवली. "खरा आहे, साहेब. पण गाण्यावर आलेला नाही, बोलण्यावर आलाय. धरता येणार नाही."

खर्जवाल्याने डॉक्टरांना विचारलं, "बाहेर कोण बसलंय?"

"वर्ग तीन. डोळ्यांत पाणी येणारे. थोडे मानवाले."

"ते ऐकतायत?"

"त्यांना दुसरं काम काय आहे?"

वाद्य नसलेल्या गवयाला उठून जायला वेळ लागत नाही. त्याने बाटली उचलली, मधल्या वाटेने चालत गेला आणि जिन्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याने बाहेर गाणं सुरू केलं. डॉक्टरांनी लगबगीने दार लावून घेतलं, कारण उघड्या दारातून वारा येत होता आणि वाऱ्याने खोटे काटे येण्याचा धोका होता.

आत आता शब्द ऐकू येत नव्हते. भिंतीतून, फरशीतून, खुर्चीच्या लोखंडी दांड्यातून नुसती घुमी येत होती. साहेबांनी दांडा घट्ट धरला. उपकेंद्रातली तीच घुमी, धडधाकट, सगळीकडे दिवे लागल्यासारखी. दारापलीकडे होती, वीसेक पावलांवर. ते अर्धवट उठले. मधल्या वाटेत उभा असलेला प्रतीक्षा यादीतला माणूस एक पाऊल पुढे सरकला आणि त्यांच्या खुर्चीकडे बघू लागला.

साहेब खाली बसले. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची होती, आणि ती त्यांनी कशी मिळवली होती ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

कार्यक्रम संपेपर्यंत वर्ग एकमधला एकही माणूस जागचा हलला नाही. बाहेर टाळ्या वाजल्या तेव्हा आतल्यांनीही नियमाप्रमाणे वाजवल्या.

घरी परतताना साहेबांनी जिन्यावर बसून आलेल्या बायकोला विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं."

साहेबांना राहवलं नाही. "काटा आला?"

ती आठवून बघत थांबली. "बघितलं नाही," ती म्हणाली.

त्या दिवसाचं चित्रण मंडळाने लोकांसाठी टाकलं आहे. त्यात गाणं कडवंभरच आहे, बाकी सगळे हात आहेत. खालच्या अभिप्रायांत अनेकांच्या इमारतींचे पाये हलले आहेत. मंडळाने आता गोष्टी वाचणाऱ्यांसाठीही वेगळी शाखा उघडली आहे. मघाशी चमच्याची करकर वाचताना आपली नजर स्वतःच्या हाताकडे गेली असेल, तर आपण वर्ग एकच्या दाखल्याला पात्र आहात. त्या वेळी गोष्टीत काय चाललं होतं, हे मंडळ विचारत नाही.