आठल्यांचा घाट

विनायक आठल्ये पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली नाही. मी खिडकीतून बघतोय, तर हा माणूस आमच्या ड्राइव्हवेच्या मधोमध उकिडवा बसलेला, एक डोळा मिटून गॅरेजच्या दाराकडे रोखून बघतोय. मी दार उघडलं. ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "पांढरीपांडे, तुमच्या ड्राइव्हवेला साडेतीन टक्के चढ आहे. ट्रॉयमध्ये असा दुसरा नसेल."

त्या घरात मी सहा वर्षं राहत होतो. रोज त्याच ड्राइव्हवेवरून गाडी काढत होतो, हिवाळ्यात त्याच्यावरचा बर्फ फावड्यानं ओढत होतो. त्याला चढ आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. आतून माझी बायको मंदा म्हणाली, "बघा, काही लोकांचं लक्ष असतं." तेव्हापासून मला आठल्ये आवडेनासे झाले. अजून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

आठल्ये आमच्याच कंपनीत, गाड्यांच्या ब्रेकच्या विभागात नव्यानं आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न झालेलं नाही, मूळ गाव वाई. शाळेत असताना वडिलांची सायकल न विचारता घेऊन पसरणीच्या घाटानं पाचगणीला जायचे आणि परत आल्यावर मार खायचे. तेव्हापासून जगातला कुठलाही डोंगर ते पसरणीत मोजत. अमुक डोंगर दीड पसरणी, तमुक डोंगर अडीच पसरणी. अशा माणसाला नोकरी मिळाली ती मिशिगनमध्ये. मिशिगन म्हणजे पोळपाट. आमच्या ट्रॉय गावात रस्त्यावर चेंडू ठेवला तर तो संध्याकाळपर्यंत तिथंच राहील.

पण आठल्यांनी चढ शोधून काढला. आमच्या ऑफिसला सहा मजली पार्किंग होतं आणि वर जायला गोल गोल रॅम्प. आठल्ये सकाळी साडेसहाला सायकल घेऊन तिथं यायचे, खालपासून वरपर्यंत रॅम्प चढायचे, आणि वर पोचले की सायकलसकट लिफ्टमध्ये शिरून खाली यायचे. पुन्हा वर. असं दहा वेळा. मी एकदा विचारलं, "अहो, उतरताना तरी सायकलवरून या की." ते गंभीरपणे म्हणाले, "उतार घ्यायचा नाही, पांढरीपांडे. उतारानं सवय बिघडते." तिथला गार्ड आठल्यांसाठी लिफ्ट धरून ठेवायचा. मी चार वर्षं त्याला गुड मॉर्निंग म्हणत होतो. माझ्यासाठी त्यानं कधी लिफ्ट धरली नाही.

त्यांच्या पायांचं प्रकरण तर गावभर झालं. मंडळाच्या गणपतीला आठल्ये पूजेला बसले होते. धोतर जरा वर सरकलं आणि बायकांच्या लक्षात आलं की यांच्या पायांवर एक केस नाही. सायकलवाले पाय गुळगुळीत ठेवतात, पडलं-झडलं तर जखम धुवायला सोपं जातं, असं त्यांनी आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता सगळ्यांना समजावून सांगितलं. जराही न लाजता. दुसरा कुणी असता तर ट्रॉय सोडून ओहायोला राहायला गेला असता. आठल्यांना मात्र त्या दिवसापासून प्रत्येक घरी जेवायला बोलावणं यायला लागलं. त्यांचं लग्न जमवायचे दोन-तीन प्रयत्नही झाले. सगळे त्यांनी नम्रपणे टाळले.

मला त्यांचा हेवा वाटायचा. सरळ सांगून टाकतो, कारण तेव्हा मी याला कुठलीही दुसरी नावं द्यायचो. हा माणूस दिखाऊ आहे, म्हणायचो. जबाबदारी नाही म्हणून चाललंय सगळं, म्हणायचो. पण खरी गोष्ट अशी की त्यांचं पोट आत होतं आणि माझं बाहेर. मंदा त्यांना आग्रह करून वाढायची आणि माझ्या ताटाकडे नुसती बघायची. माझी अकरा वर्षांची श्वेता माझ्याशी "ओके, बाबा" यापलीकडे बोलत नसे, पण आठल्येकाका आले की त्यांच्याबरोबर गॅरेजमध्ये बसून सायकलची चेन साफ करायची. हात काळे करून घरात यायची आणि म्हणायची, "ही इज सो कूल, बाबा." ऑफिसात सगळे मला पी. पी. म्हणायचे, पांढरीपांडे हे नाव कुणाच्या जिभेला झेपायचं नाही. आठल्ये मात्र पूर्ण नाव घ्यायचे, दर वाक्यात, आणि मला त्याचाही राग यायचा.

मग एका उन्हाळ्यात ते आल्प्सला गेले. सायकलवरून घाट चढायची गाइडेड टूर होती. बारा-पंधरा जण, बरोबर एक गाइड, सामान न्यायला मागून एक व्हॅन. ज्या घाटांवर जगातले मोठमोठे सायकलवीर शर्यतीत रडकुंडीला आले, ते घाट दहा दिवसांत आपण हौसेनं चढायचे. परत आल्यावर आठल्यांनी स्लाइड शो ठेवला. आमच्याच दिवाणखान्यात, कारण त्यांच्या अपार्टमेंटमध्ये एकच खुर्ची होती.

सोळा-सतरा माणसं जमली होती. अंधारात पडद्यावर एकामागून एक घाट यायला लागले. डोंगराला गुंडाळलेले रस्ते, जुलैत बर्फ, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. आठल्ये प्रत्येक स्लाइडला म्हणायचे, "इथं नऊ टक्के," "इथं दहा," आणि मधेच, "हे तुम्ही बघायला पाहिजे. खरंच, कुणीतरी चला पुढच्या वर्षी." लोक हसायचे. मंदा म्हणाली, "आम्ही कसले येतोय? यांना दोन जिने चढले की धाप लागते."

सगळे पुन्हा हसले. मला काय झालं कुणास ठाऊक. मी अंधारात म्हणालो, "त्यात काय आहे? मीसुद्धा जाईन."

आठल्यांनी प्रोजेक्टर तसाच ठेवून दिवा लावला. माझ्याकडे बघत म्हणाले, "खरंच?" इतक्या लोकांदेखत मागं कसं फिरायचं? "खरंच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक जुनी सायकल घेऊन दारात उभे होते. ती त्यांनी माझ्या उंचीप्रमाणे आधीच लावून आणली होती. मी नागपूरचा. आमच्याकडे चढ म्हणजे सीताबर्डीची टेकडी, आणि तिथंसुद्धा मी रिक्षानंच गेलो होतो. पहिल्या दिवशी पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर मी सायकल टाकून जमिनीवर बसलो. आठल्ये शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "दम राखा, पांढरीपांडे. घाई करू नका. डोंगर कुठं जात नाही." इथं डोंगर नव्हता, कुणाची तरी निळी स्टेशन वॅगन होती. पण मी जिद्दीला पेटलो होतो. या माणसाला एकदा तरी मागं टाकायचं, एवढंच डोक्यात होतं. वर्षभरात माझं नऊ किलो वजन उतरलं. हेव्यानं माणूस बारीक होतो हे मी स्वतःवरून सांगतो.

पुढच्या जुलैत आम्ही दोघं निघालो. टूरमध्ये बाकी सगळे अमेरिकन होते. गाइडचं नाव हँक, निवृत्त व्यायामशिक्षक, स्वभावानं फार चांगला. पहिला घाट आला तेव्हा अमेरिकन सगळे पुढं निघून गेले. मी धापा टाकत चढत होतो आणि वाट बघत होतो की आता आठल्ये शेजारून जातील आणि काहीतरी टक्केवारी सांगतील. ते आलेच नाहीत. मी वर पोचलो, मागं वळून बघितलं, तर ते खालच्या वळणावर सावकाश येत होते. माझ्यानंतर दहा मिनिटांनी पोचले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी शेवटून दुसरा, आठल्ये शेवटचे. मला आनंद लपवता येत नव्हता. जेवताना मी त्यांना विचारायचो, "काय हो, तब्येत बरी आहे ना?" ते म्हणायचे, "उत्तम. तुम्ही मस्त चढता." हँक त्यांच्या पाठीवर थाप मारून हसायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याचं सांत्वन करतोय.

गॅलिबिए हा सगळ्यांत मोठा घाट. तीन पसरणींच्याही वर, असं आठल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटचे आठ किलोमीटर मी कसे काढले ते मला आठवत नाही. झाडं संपली, मग गवत संपलं, मग नुसते दगड आणि रस्त्याकडेला मळका बर्फ. चारदा उतरलो. एकदा रडलो. वर पोचलो तेव्हा समोर एवढी पांढरी शिखरं एकदम उभी राहिली की मी सायकल धरायचंही विसरलो आणि ती पडली. आठल्ये वीस मिनिटांनी आले. मी त्यांच्याकडे जवळजवळ धावतच गेलो आणि म्हणालो, "आठल्ये, बघा हो, इकडं बघा." ते बराच वेळ बघत राहिले. शिखरांकडे थोडं आणि माझ्याकडे जास्त.

ट्रॉयला परत आल्यावर मी कुणालाही सोडलं नाही. आठल्यांना रोज मागं टाकलं, हे मी ऑफिसात सांगितलं, मंडळात सांगितलं, आमच्या दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलं. आठल्ये समोर असले तर मान डोलवायचे आणि म्हणायचे, "वीस मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं."

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडेच पुन्हा स्लाइड शो झाला. या वेळी सांगणारा मी होतो. आठल्ये मागं स्टुलावर बसून प्रोजेक्टर चालवत होते. मी छडी घेऊन उभा. गॅलिबिएपर्यंत आलो, "आता बघा," म्हणालो, आणि पडद्यावर भलतीच स्लाइड आली.

तोच घाट, तीच शिखरं. आठल्ये एकटे उभे होते. कपडे वेगळे, कारण फोटो आदल्या वर्षीचा होता. सगळं चित्र जरा एका बाजूला कललेलं. आठल्ये हसत होते, पण फोटोच्या अगदी एका कडेला; बाकी सगळी जागा रिकामी.

"सॉरी, सॉरी," आठल्ये घाईनं म्हणाले. "ट्रे मागच्या वर्षीचाच वापरला, त्यात ही राहून गेली." पण बटण अडकलं होतं.

श्वेतानं विचारलं, "काका, हू टुक दिस?"

"कुणी नाही, बाळ. कॅमेरा दगडावर ठेवला, टायमर लावला आणि पळालो."

"पण बाकीचे लोक कुठे होते?"

"यायचे होते अजून. मी पहिला पोचलो होतो ना."

ते हे अगदी सहज बोलून गेले. स्लाइड पुढं सरकली आणि हात वर केलेला मी पडद्यावर आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी छडी मंदाच्या हातात दिली आणि आठल्यांना म्हणालो, "जरा स्वयंपाकघरात या."

तिथं मी त्यांना विचारलं, "मागच्या वर्षी तुम्ही पहिले आला होतात?"

"हो. बहुतेक सगळ्या घाटांवर."

"आणि या वर्षी माझ्या मागं?"

ते सिंकपाशी उभे राहून उगीच एक पेला विसळायला लागले. मग म्हणाले, "रागावू नका. तुम्ही खरंच चांगलं चढलात. मी तुम्हाला जिंकू वगैरे दिलं नाही. मला नुसतं मागं राहायचं होतं." पेला पुसून त्यांनी जागेवर ठेवला. "त्या वर्षी वर पोचलो तेव्हा काय दिसलं, ते तुम्ही पाहिलंय. मला कुणाला तरी म्हणायचं होतं, अहो, इकडं बघा. वर कुणीच नव्हतं. अर्ध्या तासानं एक जण आला, डॅलसचा. त्याला मी म्हटलं, ब्यूटिफुल. तो म्हणाला, येस, ब्यूटिफुल. संपलं."

त्यांनी तसाच सोडलेला नळ मी बंद केला.

"मग स्लाइड शो केला," ते म्हणाले. "वाटलं, कुणीतरी येईल. तुम्ही आलात. तुम्ही वर पोचलात, की तुम्ही ते म्हणणार आणि मी ऐकणार, असं ठरवलं होतं. त्याला मागंच राहायला लागतं."

बाहेरून कुणीतरी हाक मारली की पुढची स्लाइड लावा. खरं तर मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगायला हवं होतं. ते मला जमलं नाही. इतक्या लोकांसमोर, त्या टाळ्यांनंतर, नाही जमलं. पहिला नंबर हातात असताना तो असा सोडून देता येणाऱ्या माणसाचा मला त्या क्षणी पूर्वी कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला.

आठल्ये जाऊन पुन्हा प्रोजेक्टरमागं बसले. मंदानं छडी माझ्यापुढं धरली. मी ती श्वेताला दिली आणि म्हणालो, "तू दाखव." मग डायनिंग टेबलची एक खुर्ची उचलली, अंधारात दोघा-तिघांच्या पायांना लावत मागं नेली आणि आठल्यांच्या शेजारी ठेवून बसलो. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर कुठला तरी रस्ता आला, दोन्ही बाजूंना पिवळी फुलं.

"हे बघितलं होतं का आपण?" मी हळू आवाजात विचारलं.

"तुम्ही मान खाली घालून चढत होतात," आठल्ये म्हणाले. "आता बघा."