वाघमारेचा जपान

वाघमारे जपानमध्ये राहतो. त्याचं घर ऑस्ट्रेलियातल्या ट्रुगानिनात आहे, माझ्या घराला लागून, मध्ये फक्त लाकडी कुंपण. पण ही गोष्ट त्याने मनावर घेतलेली नाही. त्याच्या भिंतीवरचं घड्याळ नागोयाच्या वेळेने चालतं. आमच्याकडे नऊ वाजले की त्याच्याकडे आठ. त्याला दहाला बोलावलं तर तो अकराला येतो, बूट दाराबाहेर काढतो, कमरेत वाकतो आणि वर मलाच ऐकवतो, "शेठ, जपानमध्ये कोणी उशीर करत नाही."

हा माणूस जपानला एकदाही गेलेला नाही.

मूळचा कल्याणचा. वय सत्तावन्न, वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. बायको संगीता पाच वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी प्राजक्ता. इथल्या युनिव्हर्सिटीत शिकली, नोकरीला नागोयाला गेली आणि तिथल्याच केन्जीशी लग्न करून बसली. तिला दिवस गेल्याचा फोन आला तेव्हा वाघमारे कुंपणापाशी येऊन अर्धा तास नुसता हसत उभा होता. मग त्याचं तोंड उतरलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, आणि डॉक्टरांनी तर तिला विमानात बसायला साफ बंदी केलेली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कुंपणापाशी आला. "ठरलं, शेठ. ती माहेरी येऊ शकत नाही ना, मग माहेर तिकडे जाईल."

म्हणजे काय, तर मुलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक खोली भाड्याने घ्यायची, मार्चअखेर जायचं, आधी तिथली राहणी अंगवळणी पाडायची आणि मग बाळंतपण करायचं. स्वतः. नोकरीचा राजीनामा दिला. घर भाड्याने द्यायचं म्हणून सगळं सामान विकायला काढलं, आणि इथेच त्याचा माझ्याशी संबंध येतो.

माझा जुन्या फर्निचरचा धंदा आहे. एका खटारा व्हॅनवर सुरू केला, कोणाच्या बापाची मदत घेतली नाही. बोलणी करण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. वाघमारेच्या घरी मी तयारीनेच गेलो. सोफ्याच्या स्प्रिंगा दाबल्या, कपाटाची दारं तीनदा उघडून चेहरा वाकडा केला, आणि सगळ्याचा मिळून असा आकडा सांगितला की समोरचा माणूस चिडून उठलाच पाहिजे. वाघमारे म्हणाला, "ठीक आहे. चहा घेतोस?"

त्या चहाला मला चव लागली नाही. पहिल्या आकड्याला हो म्हणतात का कधी? माणसाने तुमच्याशी घासाघीस केली नाही म्हणजे त्याने तुम्हाला मोजलंच नाही. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही. मी त्याला तोंडावर म्हटलंही, "अरे, निदान नाही तरी म्हण." तर म्हणाला, "जपानमध्ये घासाघीस नसते."

आणि आठवड्याभरात कोरोनाने जगाची दारं बंद झाली. जपानने परक्यांना येणं बंद केलं, ऑस्ट्रेलियाने आम्हाला जाणं बंद केलं. वाघमारेचं विमान रद्द. राहिलं काय, तर रिकामं घर, एक गादी, एक सुटकेस आणि ऑक्टोबरमध्ये बाळंत होणारी मुलगी.

मला वाटलं, आता येईल सामान परत मागायला. मी सोफा शेडमध्ये पुढे काढून ठेवला, बोलायचे आकडे मनात घोळवले. आलाच नाही. शेवटी मीच गेलो. हा जमिनीवर मांडी घालून दुधाच्या क्रेटवर वाटी ठेवून सूप पीत बसलेला.

"सोफा देऊ का आणून?"

"कशाला? तिकडे सगळे खालीच बसतात. आत्ताच सवय होतेय, बरंच झालं."

भिंतीवर त्याने ध्येयांचा कागद चिकटवला होता. एकाही माणसाला न विचारता ट्रेन बदलणे. कचरा बरोबर वारी टाकणे. डॉक्टरशी प्राजूबद्दल स्वतः बोलणे. बाळाला एकट्याने अंघोळ घालणे. कोणाच्या वाटेत न येणे. रोज सकाळी तो हा कागद फोनवरून शिकलेल्या जपानीत मोठ्याने म्हणायचा. त्याने दुधाचे पुठ्ठ्याचे डबे धुऊन, कापून, सुतळीने बांधून कचऱ्याच्या बिनवर ठेवायला सुरुवात केली. काउन्सिलचा कचऱ्याचा ट्रक यायचा, त्याचा यांत्रिक हात सगळं एकदम उचलून भसकन आत ओतायचा, आणि वाघमारे त्या ट्रकला वाकून नमस्कार करायचा. सुपरमार्केटच्या रांगेतही वाकायचा. पुढची बाई दचकून दीड मीटर बाजूला सरकायची. त्यामुळे आमचा नंबर लवकर लागायचा, हे मात्र खरं.

जूनमध्ये त्याने डिंक आणि अळीव पोस्टाने पाठवले. ते सप्टेंबरात पोचले. दरम्यान तो रोज पोस्टाच्या वेबसाइटवर पार्सल कुठे आहे ते बघायचा आणि मला कुंपणावरून बातमी द्यायचा, जणू क्रिकेटचा स्कोअर.

मग मोठा लॉकडाऊन आला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कोणाच्या घरी जायचं नाही. माझी बायको सांगलीला गेलेली, विमानं बंद झाल्याने तिकडेच अडकलेली. शेड बंद. मी दिवसभर फोनवर शेडच्या मालकाशी भाड्यावरून ओरडायचो. सप्टेंबरात सरकारने सवलत दिली: एकट्या राहणाऱ्याने कोणीतरी एक माणूस निवडावा, तेवढ्याच माणसाने त्याच्या घरी यावं. वाघमारेने मला निवडलं.

"मलाच का?" मी विचारलं. "तुझे विहारातले लोक आहेत, वेअरहाऊसमधले दोस्त आहेत."

"तू ओरडतोस," तो म्हणाला. "घरात जरा आवाज पाहिजे, शेठ."

यावर भांडता येईना, म्हणून गेलो.

माझं पहिलं काम निघालं, बाळ आणणं. म्हणजे बाळाच्या मापाचं काहीतरी. मी तीन किलोचा लांबट भोपळा आणला, आणताना भाजीवाल्याशी पंधरा मिनिटं भांडलो, फार बरं वाटलं. वाघमारेने त्याला टोपडं घातलं. टबात कोमट पाणी, कोपर बुडवून बघितलं. मग डाव्या हातावर भोपळा आडवा घेऊन उजव्या हाताने चोळायला लागला.

"मान धर," मी म्हटलं.

"भोपळ्याला मान कुठली?"

"मग बाळाची धरशील कशी? बारीक भागाला धर. अरे, तो भाग वर. उलटा धरलायस त्याला."

"ओरडू नकोस, दचकेल."

"कोण दचकेल?"

वाघमारे टॉवेल मागत राहिला. पहिल्या आठवड्यात भोपळा चार वेळा हातातून सुटला. तिसऱ्या आठवड्यात एकदाही नाही. मी म्हटलं, आता याची भाजी करू, मोहरी-मेथीची फोडणी देऊन. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला लाज वाटली.

"अंघोळ घातलीय मी त्याला, शेठ."

रोज दुपारी तो विमान कंपनीच्या फोनवर तासभर थांबायचा. रोज तेच उत्तर. तरी सुटकेस दाराशीच होती.

ऑक्टोबरात मुलगी झाली. प्राजक्ता सुखरूप, बाळ सुखरूप, आणि आजोबा ट्रुगानिनात. पाच दिवसांनी ती घरी आली, तेव्हा दुपारी व्हिडिओ कॉल लागला. वाघमारेने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी शेजारी मांडी घालून बसलो, गुडघे बोंबलत होते.

प्राजक्ता उशीला टेकून बसली होती, चेहरा सुकलेला. बाळ तिच्या कुशीत, एवढंसं. वाघमारे काहीतरी बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, कंबर फार दुखतेय. आईने काय केलं असतं रे?"

मला वाटलं, हा आता मोडणार. त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग विचारलं, "केन्जीची आई आहे का तिथे? तिला बोलाव."

एक लहानखुरी बाई पडद्यावर आली. दोघेही वाकले. आणि वाघमारे तिच्याशी जपानीत बोलायला लागला. अडखळत, शब्द शोधत, पण थांबला नाही. बाई आत गेली, वाटीत तेल घेऊन आली. त्याने ते कोमट करायला लावलं. प्राजक्ता कुशीवर वळली. बाईने तिच्या कमरेवर हात ठेवला.

"मोत्तो शिता," वाघमारे म्हणाला. बाईचा हात जरा खाली सरकला. "युक्कुरी, युक्कुरी." हात सावकाश फिरायला लागला.

प्राजक्ताने डोळे मिटले. बाळ झोपलेलं. नागोयात ती बाई अंगठ्याने गोल गोल चोळत होती, आणि इकडे वाघमारेचा अंगठा त्याच्या स्वतःच्या मांडीवर, त्याच बेताने, गोल गोल फिरत होता.

थोड्या वेळाने प्राजक्ताला झोप लागली. बाईने ओठांवर बोट ठेवलं आणि फोन तसाच चालू ठेवून ती उठून गेली. वाघमारे हलला नाही. मला खूप काही बोलायचं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच मी आवाज केला नाही.