रिकाम्या सीटचा चार्ज

तुम्हाला सांगतो, ह्या नवी मुंबईत मला एका रुपयाला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! उगाच फुशारकी नाही. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी, बाबासो शेडगे, एकतीस वर्षं माथाडी टोळीचा मुकादम होतो. माणसाच्या नुसत्या चालीवरून सांगायचो, पाठीवरची गोणी पन्नास किलोची आहे की चव्वेचाळीसची. माझ्यासमोर काट्याला हात लावायला भलेभले व्यापारी बिचकायचे. अशा माणसाला एक मनोरंजन पार्क काय लुटणार? असं मला वाटायचं.

पार्कचं नाव धमालगाव. कळंबोली ओलांडून थोडं पुढे, आमच्या जुईनगरहून बसनं पाऊण तास. तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो तेव्हा मी आणि आमच्या मुक्ताबाईंनी ज्येष्ठ नागरिकांचे वर्षाचे पास काढले. लॉकरपासून ताकापर्यंत सगळं त्यात! दर बुधवारी आम्ही हजर. सोसायटीतले लोक हसायचे. "मुकादम, ह्या वयात पाळण्यात बसता?" अहो, पाळण्यात कोण बसतंय! आम्ही बसायचो गुहेतल्या होडीत. दोन सीटची होडी, अंधारी थंडगार गुहा, अकरा मिनिटं. मध्येच एक यांत्रिक डायनासोर मान वर काढून ओरडायचा. तोच डायनासोर, त्याच वळणावर, तरी मुक्ताबाई दर बुधवारी दचकायच्या आणि माझा दंड गच्च धरायच्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण दंड धरायची वेळ आमच्यात दुसरीकडे कुठे आलीच नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी मुक्ताबाई दोन महिन्यांसाठी बंगळुरूला गेल्या. मुलगा राजवर्धन तिथे नोकरीला, सून तेजश्रीही नोकरीला, आणि नात प्रियदर्शिनी एक वर्षाची. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत! रविवारी व्हिडिओ कॉल येतो, चार मिनिटं. त्यातली तीन मिनिटं प्रियदर्शिनी फोन चाटते. तक्रार करत नाही मी. पण घरात बोलायला कुणी नसलं की माणूस कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोठ्यानं मोजायला लागतो. म्हणून मी बुधवार सोडला नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी हसून "वेलकम सर" म्हणायचं. त्याला त्याचा पगार मिळत असेना का, मला चालायचं.

आता पार्कचे धंदे ऐका. पहिल्यांदा पासातून ताक गेलं. मी घरून बाटलीत न्यायला लागलो, तर बाहेरचं खाणंपिणं बंद! मग लॉकरला चार्ज लागला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसायला लागलो. मग झाडाखालच्या बाकड्यांना दोरी बांधली आणि पाटी लावली, 'प्रीमियम सावली'. सावलीला पैसे! मी बाथरूमच्या भिंतीच्या सावलीत बसायला लागलो. ती अजून त्यांच्या लक्षात आलेली नाही. थोडक्यात काय, मुकादम आघाडीवर होता.

आणि मग तो बुधवार उजाडला.

तिकीट खिडकीवर उन्नती नावाची मुलगी असते. बाजूच्याच गावातली, हसतमुख पोरगी. पास स्कॅन करून म्हणाली, "काका, होडीला आजपासून नवीन चार्ज आहे हां. एकटे असाल तर बाजूच्या सीटचे दोनशे."

"बाजूच्या सीटवर कोण बसणारे?"

"कोणीच नाय ना काका! तोच तर प्रॉब्लेम आहे. ती सीट रिकामी जाते, कंपनीचा लॉस होतो. म्हणून रिकामी सीट चार्ज."

"अगं, ती सीट रिकामी आहे हा माझा लॉस आहे! कंपनीनं मला दोनशे द्यायला पाहिजेत!"

"काका, मग काकूंना घेऊन या ना."

ते एवढं सोपं असतं तर मी तिच्याशी हुज्जत घालत उभा राहिलो असतो का? मी पास परत खिशात घालायला लागलो. पोरीला काय वाटलं कोण जाणे, तिनं आवाज बारीक केला. "काका, एक आयडिया देऊ? दहा जणांचा ग्रुप असेल ना, तर सगळे चार्ज माफ. लॉकर, सावली, सीट, सगळं! शिवाय ताक फ्री."

दहा माणसं! अहो, दिवाळीच्या पाडव्याला जिथं चिटपाखरू फिरकत नाही, तिथं मी चाळीस माणसांची टोळी उभी केलेली आहे! मी बाह्या सरसावल्या आणि गेटवर उभा राहिलो.

पहिल्या मिळाल्या भागीरथीबाई. त्यांच्या गावची जमीन पार्कात गेली, म्हणून कंपनीनं गावात घरटी एक पास दिलेला. पासावर नुसतं आत जाता येतं, बाकी सगळ्याला पैसे. त्यामुळे बाई गेटवरच तावातावानं भांडत होत्या. "जमीन आमची, झाडा आमची, न सावलीला पैसे आमीच देवाचे? कंचा न्याय हाय ह्यो?" मी म्हणालो, "बाई, माझ्या टोळीत या, सावली फुकट." बाई लगेच आल्या. दुसरा कमळाकर. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवर माल चढवून घ्यायचा, आता रिटायर. घरी सुनेची भिशी होती म्हणून दिवसभरासाठी बाहेर पडलेला. मग कॉलेज बुडवून आलेली चार पोरं, एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि टाय लावलेला एक विमा एजंट, जो फक्त उन्हातून सुटका शोधत होता. मी दहावा. वीस मिनिटांत टोळी उभी!

खिडकीवर फॉर्म भरायला गेलो. ग्रुपचे प्रकार तीनच. शाळा, ऑफिस, कुटुंब. शाळेला मुख्याध्यापकांचं पत्र लागतं, ऑफिसला लेटरहेड. कुटुंबाला काहीच लागत नाही. मी कुटुंबावर खूण केली. ग्रुपचं नाव काय? टोळीला मुकादमाचं नाव असतं, ही मार्केटची पद्धत. लिहिलं, 'शेडगे'. घरच्या आणखी दोघांचे फोन नंबर हवे होते. खिशातल्या डायरीतून राजवर्धनचा दिला आणि गावाकडच्या थोरल्या चुलतभावाचा, उदयसिंहाचा दिला. मला काय माहीत हे लोक नंबरांचं काय करतात!

आत पाऊल टाकलं तर ढोल वाजायला लागला! दोन मुली आल्या, सगळ्यांना कुंकू लावलं, पुरुषांना फेटे बांधले. लाऊडस्पीकरवर आवाज घुमला, "शेडगे परिवाराच्या स्नेहसंमेलनात आपलं हार्दिक स्वागत!" कॉलेजच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. विमा एजंटानं तिथल्या तिथे नव्या जोडप्याला पॉलिसी समजवायला घेतली. कमळाकर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शेडगे, हे प्रकरण जरा वाढतंय असं नाय वाटत?"

वाढलंच! पॅकेजमध्ये सत्कारही होता. सूत्रसंचालक नावाचा एक उत्साही इसम माईक घेऊन स्टेजवर आला. "आता आपण परिवारातल्या सर्वांत ज्येष्ठ दांपत्याचा सत्कार करणार आहोत!" आणि त्यानं माझा आणि भागीरथीबाईंचा हात धरून आम्हाला वर ओढलं!

भागीरथीबाईंनी हात झटकला. "ओ दादा! हार कोनाला घालताय? मी या मानसाला सकाली धा वाजल्यापासून वलखते!"

सूत्रसंचालक माईकवर म्हणाला, "वा! चाळीस वर्षांनंतरसुद्धा काय हा लाडिक रुसवा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हार पडले. फोटोग्राफर ओरडला, "आजोबा, आजींच्या जरा जवळ सरका!" आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी उलटा सरकलो. तेवढ्यात फ्लॅश उडाला.

नंतर होडीत बसलो. रिकामी सीट चार्ज माफ! शेजारी कमळाकर. अकरा मिनिटं तो मला सांगत होता, सळया ट्रकमध्ये कशा भरल्या म्हणजे हलत नाहीत. त्यालाही घरी कुणी ऐकत नसणार. डायनासोर ओरडला. कमळाकर दचकला नाही. लोखंड बाजारातला माणूस, त्याला काय होतंय! माझा दंड तसाच राहिला. चार्ज माफ झाला, पण सीट रिकामीच होती, हे मला त्या वळणावर नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकला आणि फोन वाजला. उदयसिंह! दीड वर्षानं! मी आनंदानं उचलला.

"बाबासो! परिवार म्हंजी कोन कोन रं? आमी काय मेलो का?"

पार्कनं तो फोटो आमच्या तिन्ही नंबरांवर पाठवला होता. 'शेडगे परिवाराच्या स्नेहसंमेलनाचे अविस्मरणीय क्षण!' उदयसिंहानं तो भावकीच्या ग्रुपवर टाकला, आणि गावाकडे, आमच्या पाटण तालुक्यात, भडका उडाला. भावकीचा कार्यक्रम, आणि भावकीला आवतण नाही! आमच्याकडे माणूस एक वेळ बांध कोरलेला विसरेल, आवतण चुकलेलं तीन पिढ्या विसरत नाही.

मी तोंड उघडायच्या आत दुसरा फोन. थोरली बहीण, गोजराआक्का. "बाबासो, तुज्या पयल्या लग्नात करवली मी हुते! आन दुसऱ्या लग्नाला साधा फोन न्हाई?"

"आक्का, दुसरं लग्न कुठलं! त्या बाई—"

"बाई दिसत्यात मला! हारासकट दिसत्यात!"

मग उदयसिंहाचा धाकटा भाऊ बंडू. "दादा, रागावलोय मी. बोलनार न्हाई तुमच्याशी." असं म्हणून पंचवीस मिनिटं बोलला. जेवणापर्यंत सतरा फोन झाले! आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या मोबाईलची बॅटरी बोलून बोलून उतरली. शिव्या खाऊन खाऊन माझा चेहरा उजळला होता, खोटं कशाला सांगू!

दुपारी तो फोन आला. मुक्ताबाई!

"अगं, ऐकून तर घे—"

"गप बसा तुमी! काय बी बोलू नगा. मी येतीया. राजूला तिकीट काढाय लावलंय, उद्याच्या गाडीचं. काय हाय त्ये समोरासमोर बघते!" फोन बंद.

येतेय! उद्याच्या गाडीनं! मी भिंतीवरच्या गणपतीला हात जोडले. मग जे कामाला लागलो ते थांबलोच नाही. चादरी धुतल्या. गॅसचा कट्टा घासला. दुधवाल्याला सांगितलं, शनिवारपासून एक लिटर. तिला आवडते म्हणून मेथीच्या दोन जुड्या आणल्या आणि निवडत बसलो. निवडता निवडता तिच्याशी कसं बोलायचं त्याची तालीमही केली. ती चिडेल, मी ऐकून घेईन. दोन दिवस भांडेल. भांडू दे! घरात आवाज तरी होईल.

शुक्रवारी सकाळी राजवर्धनचा फोन आला. आवाज दमलेला.

"आप्पा, खरं काय ते मला सांगा. आई कालपासून जेवलेली नाही. नुसती खिडकीत बसलीय. तिची बीपीची गोळी उपाशीपोटी चालत नाही."

तुम्हीच सांगा, काय करणार? एक दिवस तोंड बंद ठेवलं असतं, तर शनिवारी ती दारात उभी असती. मला सगळं समजत होतं. पण उपाशी आहे म्हटल्यावर जीभ राहीना. सांगून टाकलं सगळं. दोनशे रुपये, टोळी, फॉर्मवरची खूण, भागीरथीबाई, लाडिक रुसवा, सगळं!

पलीकडे राजवर्धन हसत सुटला. त्यानं आईला सांगितलं आणि मागून मुक्ताबाईंचं हसणं ऐकू आलं. अहाहा! पदर तोंडाला लावून हसतात तसं. मग त्यांचा आवाज, "तेजश्री, वाढ गं मला, लई भूक लागलीया!" मीही इकडे एकटाच हसत होतो, हातात मेथीची काडी धरून.

"बरं झालं आप्पा, सांगितलंत," राजवर्धन म्हणाला. "नाहीतर उगाच आईची दगदग झाली असती. पुढच्या आठवड्यात तेजश्रीच्या ऑफिसात ऑडिट आहे, प्रियूला कोण बघणार, ह्याच टेन्शनमध्ये होतो आम्ही. आता काही प्रश्नच नाही. तिकीट कॅन्सल करतो."

"कर की," मी म्हणालो.

"ठेवू मग?"

"अरे, कॅन्सल केल्यावर काही कापतात का रे?" मी विचारलं. मुकादमाची सवय, दुसरं काय!

"कापतात थोडे."

"किती?"

"आता लगेच नाही सांगता येणार आप्पा, बघावं लागेल."

"बघ ना," मी म्हणालो. "सावकाश बघ. मी फोन धरतो."