बोर्ड बंद पडतो, सबब बिघडलेला

जानेवारीतल्या एका सोमवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, दमनहूर शहरातल्या कालवाकाठच्या वृक्षांच्या नोंदणी कार्यालयात उस्ताज वगीह यांना जळका वास आला. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं आणि एक्स्टेंशन बोर्डाला हात लावला. लावला तितक्याच वेगाने तो काढूनही घेतला.

या कार्यालयाला भिंतीत एकच सॉकेट मंजूर झालेलं होतं. त्यात एक बोर्ड, त्या बोर्डात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा. अशा या वंशावळीवर दोन संगणक, चहाची किटली, सहा मोबाइल आणि ओलसर वह्या वाळवायला भर थंडीत चालणारा पंखा, एवढा संसार होता. शिवाय एक वायर दाराखालून संचालक मुख्तार बेह यांच्या खोलीत जात असे आणि तिच्या टोकाला त्यांचा हीटर होता. वायर करंगळीच्या निम्म्याएवढीही जाड नव्हती.

"मादाम इन्साफ, तुम्हाला वास येतोय का?"

समोरच्या टेबलावर मादाम इन्साफ महशीसाठी, म्हणजे आत भात भरून शिजवायला, कोवळ्या काकड्या कोरत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "गेल्या रमजानपासून येतोय. मला वाटलं, तुमचं अत्तर आहे."

वगीह माणूस सरळ. इतका सरळ, की बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही बढती मिळाली नव्हती. त्यांनी लगेच अर्ज लिहिला, 'बोर्ड धोकादायक असून तात्काळ बदलावा,' आणि तो संचालकांपुढे ठेवला.

मुख्तार बेह यांनी पाय हीटरकडे पसरून अर्ज वाचला आणि ते दुखावल्यासारखे झाले. "अहो वगीह, 'जुना झालाय' लिहिलं असतंत, तर आजच नवा आणला असता. 'धोकादायक' लिहिलंत. आता समिती नेमावी लागणार."

समिती नेमली गेली. अध्यक्ष मुख्तार बेह, सदस्य मादाम इन्साफ आणि कायदा विभागाचे उस्ताज बहगत. वगीह यांना मत नव्हतं, फक्त काम होतं. सुरक्षित बोर्डाचे तीन नमुने बाजारातून आणून ते समितीपुढे सादर करायचे.

हाज्ज झगलूल यांच्या विजेच्या दुकानात गर्दी नव्हती. हाज्जनी पहिला बोर्ड वगीह यांच्या तळहातावर ठेवला. "वजन बघा, उस्ताज! माल अस्सल असल्याशिवाय एवढं वजन येतं का?"

वगीह यांनी खिशातला पेचकस काढला आणि दुकानदार नको नको म्हणत असताना मागचे चार स्क्रू सोडवले. आत केसाएवढ्या दोन तारा होत्या आणि मधोमध सिमेंटचा एक गोळा, व्यवस्थित चिकटवलेला.

"हाज्ज, हे काय?"

"वजन," हाज्ज शांतपणे म्हणाले. "गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं ना! वीज त्यातून जातच नाही, मग तुम्हाला कसली भीती?"

"आणि वर 'सुरक्षित, तपासलेला' असं लेबल आहे ते?"

"ते वेगळं मिळतं. एका तावात चाळीस. देऊ?"

वगीह यांनी अर्धा तास दुकान उलथंपालथं केलं. शेवटी वरच्या फळीवर, धुळीत, त्यांना हवा तसा बोर्ड सापडला. जाड वायर, आत खरं तांबं, किती भार सोसेल तो आकडा प्लास्टिकमध्येच कोरलेला, आणि भार जास्त झाला की आपोआप बंद पडण्यासाठी लाल बटण. फक्त लेबल नव्हतं.

"हा कुणी घेत नाही," हाज्जनी प्रामाणिकपणे सांगितलं. "कटकट्या आहे."

तो आणि नमुन्यापुरते दुसरे दोन घेऊन दाराबाहेर पडता पडता वगीह थांबले. समितीत कोण कोण आहे, ते त्यांना आठवलं. ते परत फिरले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "लेबलांचा एक ताव द्या." आयुष्यातली पहिली लबाडी त्यांनी एका खऱ्या वस्तूला खरी ठरवण्यासाठी केली. एक लेबल सरळ बसेना, म्हणून दोन लावली.

समितीपुढे तीन बोर्ड मांडले गेले. उस्ताज बहगत यांनी प्रत्येकावरची लेबलं मोजली. "इतरांना एक आहे, याला दोन. म्हणजे हा दुप्पट सुरक्षित." मादाम इन्साफ यांनी रंगाला संमती दिली. बोर्ड एकमताने निवडला गेला आणि निःपक्षपाती, शास्त्रीय निवडीबद्दल समितीने स्वतःचे अभिनंदन करणारा ठराव केला.

बुधवारी नवा बोर्ड बसला. वगीह यांनी हीटरही त्यालाच जोडला. तो जोडू नये असं ते म्हणाले होते, पण संचालकांच्या खोलीत सॉकेट नव्हतं आणि संचालकांना पाय होते. अकरा वाजता मादाम इन्साफ यांनी किटली लावली. टक्! सगळं बंद. लाल बटण दाबलं, सगळं सुरू. किटली तापली. टक्!

चौथ्या वेळी मुख्तार बेह अंगावर शाल घेऊन दारात उभे राहिले. "हा बोर्ड बिघडलाय."

"बेह, तो बिघडला नाही. भार जास्त झाला की तो बंद पडतो. बंद पडतो म्हणजे काम करतोय."

"बंद पडून काम करणं ही या कार्यालयात फक्त माणसांची पद्धत आहे, वगीह. सामानाची नाही. जुना बोर्ड कधी बंद पडला होता?"

"नाही, पण..."

"तेवढंच विचारलं."

इतका सुरक्षित बोर्ड वापरून खराब होऊ नये, म्हणून तो संचालकांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद झाला आणि जुनी तीन पिढ्यांची वंशावळ पुन्हा टेबलाखाली आली. वगीह यांनी दुसरा अर्ज दिला. मग तिसरा. मग चौथा, त्यात 'आग' हा शब्द दोनदा होता. प्रत्येकाची त्यांना पोच मिळाली, शिक्क्यासह.

"कशाला सारखं लिहिता?" मादाम इन्साफ एकदा कळवळून म्हणाल्या. "इतकं लिहून वाईट नजर लागते, उस्ताज."

पुढच्या गुरुवारी, चहाच्या वेळेला, ती लागली. टेबलाखाली आधी तडतडलं, मग निळसर धूर आला आणि वाळत घातलेल्या वह्यांनी एकदम पेट घेतला. मादाम इन्साफ किटली उचलून पाणी ओतायला धावल्या. "पाणी नको! वीज आहे!" वगीह ओरडले. त्यांनी मादामना मनगटाला धरून दाराबाहेर ढकललं आणि जिन्यातला मुख्य खटका खाली ओढला. मग परत आत जाऊन कोटाने ज्वाळा झोडपू लागले. मुख्तार बेह शालीसकट रस्त्यावर पोचले होते. आग विझली तेव्हा वगीह यांची उजवी बाही जळली होती आणि हातावर फोड आले होते. एका कालव्याच्या नोंदवह्या संपूर्ण गेल्या. चार हजार झाडं कागदावरून नाहीशी झाली. जमिनीवरून ती आधीच तोडली होती, पण तो वेगळा विभाग.

जिन्यात बसून मादाम इन्साफ रडत रडत त्यांच्या हाताला फुंकर घालत होत्या. "माझ्या पोरांची आई वाचवलीत, उस्ताज. मी चौकशीत सगळं खरं सांगेन."

चौकशीसाठी उस्ताज बहगत यांची नेमणूक झाली. प्रश्न एकच होता: "बोर्ड धोकादायक आहे याची आपल्याला कल्पना होती का?"

मुख्तार बेह म्हणाले, "मुळीच नाही."

मादाम इन्साफ यांनी वगीह यांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग संचालकांकडे पाहिलं. "वास यायचा," त्या हळूच म्हणाल्या, "पण मला वाटायचं, अत्तर आहे."

"आणि आपल्याला, उस्ताज वगीह?"

"मला होती! चार वेळा लेखी कळवलंय!" वगीह यांनी चारही पोच टेबलावर आपटल्या.

बहगत यांनी त्या एकेक करून, शिक्के तपासून, अतिशय समाधानाने फायलीला लावल्या. अहवाल अवघा अर्ध्या पानाचा झाला. 'संपूर्ण कार्यालयात धोक्याची पूर्वकल्पना असलेली व्यक्ती एकच होती, आणि ते तिने स्वतःच चार वेळा लिहून दिले आहे. धोका ठाऊक असूनही सदर कर्मचारी त्याच बोर्डावर रोज संगणक चालवत राहिला. बाकी सर्व अनभिज्ञ, सबब निर्दोष.'

वगीह यांची बदली झाली. सध्या ते डाव्या हातात वही धरून कालव्याच्या काठाने फिरतात आणि नसलेली चार हजार झाडं पुन्हा मोजतात.

राहता राहिलं तुमचं. फ्रिज, मिक्सर आणि गीझर ज्या एका बोर्डावर चालतात, तो तुमच्या घरातला बोर्ड हात लावला तर किती तापलेला असतो, हे आजवर तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे तुम्ही निर्दोष होतात. आता मात्र तुम्ही हे वाचलं आहे. पोच समजावी.