इंद्रभानची खोली आणि माझा दाखला

सरकारी अर्ज कसा लिहावा, हे नव्या महाराष्ट्र राज्यात तीनच माणसांना कळत होते. त्यांपैकी दोघे वारले होते. उरलेला मी!

मलकापूरच्या एका शाळेत वीस वर्षे संस्कृत शिकवून मी ही योग्यता मिळवली होती. माझे वाक्य एकदा सुरू झाले की त्यातून पळून जायला कारकुनाला फट सापडत नसे. म्हणून अक्काने जेव्हा विचारले, तेव्हा मी हसलो. वाचकहो, ते हसू मला आजवर महाग पडते आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण अन्नपूर्णाबाई. नांदुऱ्याला राहायची. विधवा, आणि हृदय इतके खिळखिळे की डॉक्टर तपासायला आले की आधी स्वतः खाली बसत. तिला एकच मुलगा, इंद्रभान. वय तेव्हा वीस. देखणा, स्वच्छ, आणि जगाच्या दृष्टीने निरुपयोगी. तो डोळ्याला डोळा भिडवत नसे. भाकरीला वरण लागले तर भाकरी टाकून देई. गडबड झाली की कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसे. नारायणरावांच्या धान्याच्या दुकानात तो तुरीच्या डाळीतले खडे निवडी, आणि त्याने निवडलेल्या डाळीत नांदुऱ्यात कोणाचा दात वाजला नव्हता. खोटे मात्र त्याला बोलताच येत नसे. सज्जनपणामुळे नव्हे. माशाला जसे झाड चढता येत नाही, तसे.

"मोतीराम," अक्का म्हणाली, "माह्यामागं याले कोन पाहीन रे? तुह्याजवळ ठेवशीन का?"

आता खरे सांगतो. माझ्याकडे भाड्याची एक खोली होती आणि तीत अठराशे ग्रंथ राहत होते. इंद्रभान एकदा दोन दिवस मुक्कामाला आला, तेव्हा त्याने ते सर्व उंचीप्रमाणे लावले. वेदान्ताच्या मांडीला मांडी लावून गुरांचे रोग येऊन बसले! ते मी विसरलो नव्हतो.

"अक्का, आता आपलं राज्य आलं," मी म्हणालो. "कल्याणकारी राज्य! सरकारनं बुलढाण्याले निराधारांसाठी चाळ बांधली. खोली भेटते, महिन्याचं धान्य भेटते. मी अर्ज लिहितो."

"अर्जानं भेटते?"

"माझ्या अर्जानं भेटते!"

अक्काने माझ्याकडे पाहिले. माझ्या विद्वत्तेपुढे ती नेहमीच गप्प बसे. तो आदर असावा, असा माझा समज होता.

अर्ज अकरा पानांचा झाला. तळटीपा वेगळ्या. परदेशी डॉक्टरांच्या एका त्रैमासिकात मी अशा मुलांविषयी वाचले होते. तिकडे त्या अवस्थेला नाव होते, आपल्याकडे नव्हते. मग मीच एक शब्द घडवला आणि अर्जाच्या मथळ्यावर ठेवला: स्वमग्न.

ज्या कचेरीत तो अर्ज नेला तिचे नाव मी लिहिणार नाही, कारण तिला ते आवडेल. राजूरच्या घाटात तीनदा दम घेऊन एस.टी. बुलढाण्याला पोहोचली. कचेरीत शंकरराव नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज आधी तळहातावर ठेवून जोखला, मग मथळा वाचला.

"सोमग्न? हे काय असते गुरुजी? पोरगं साधू झालं का?"

"स्वमग्न! स्वतःतच मग्न असलेला."

"तसा तं आमचा सायेबबी हाय." त्यांनी खणातून एक कळकट कागद काढला. "यादीत पाहा. आंधळा, बहिरा, मुका, पांगळा, महारोगी, वेडा. सहा. यातला कोनता?"

"यांपैकी कोणताही नाही."

"मंग चांगला हाय! चांगल्या मानसाले खोली काऊन पाह्यजे?"

"तो चांगला आहे, पण जगात एकटा राहू शकत नाही!"

"वेडा लिवा अन् मोकळे व्हा."

"तो वेडा नाही!"

"मंग शहाना हाय. शहान्याले खोली भेटत नाही."

मी मनुष्याच्या बुद्धीचे हे दोनच कप्पे कसे अपुरे आहेत, यावर पाऊण तास बोललो. शंकररावांनी तेवढ्या वेळात चहा घेतला, पान जमवले, शेजारच्या टेबलावरचे लग्न ठरवले आणि अर्ज मला परत दिला. अकराच्या अकरा पाने! सरकारने माझे गद्य नाकारले होते. इंद्रभानची खोली गेली याचे दुःख मला झाले ते नंतर, परतीच्या गाडीत. क्रम मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पुढच्या दोन वर्षांत मी चार वेळा गेलो. नवे पुरावे, नवे दाखले, नवी वाक्ये. यादीत सातवा शब्द घालावा म्हणून मुंबईला पत्रे लिहिली. मुंबईने ती पुढील कार्यवाहीसाठी शंकररावांकडे पाठवली. अक्का तोपर्यंत खाटेला लागली होती.

"भेटली का खोली?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, अक्का. ते म्हणतात, वेडा लिहा."

"लिही ना मंग."

"पण तो वेडा नाही!"

"मले मालूम नाही का ते?" अक्का उठून बसली. उठायची तिला मनाई होती. "बावीस वर्सं गावानं त्याले येडाच म्हटलं. त्यानं त्याले भोकं नाही पडले. तू एक डाव लिहिलं तं काय होईन? तुले पोराची खोली पाह्यजे का तुहा शब्द पाह्यजे?"

मी अकरा पाने पिशवीत घातली आणि कोरा कागद काढला.

मी लिहिले. एक ओळ: 'माझा भाचा वेडा आहे, खोली मिळावी.' मला हात धुवावेसे वाटले.

शंकरराव प्रसन्न झाले. "याले म्हंते अर्ज! आता फक्त डॉक्टरचा दाखला. नियम साफ हाय. वेड्याले खोली, अन् संगं राहाले एक शहाना पालक."

पालक म्हणून सही मी करणार होतो. राहणार अर्थातच नव्हतो. चाळीला रखवालदार होता, तो पुरेसा होता. शंकररावांनी कागद पाकिटात घातले आणि वर नाव घातले ते माझे.

"माझे का? तपासणी भाच्याची आहे!"

"वेड्याची सही चालत नाही. ज्याची सही नाही त्याचं नाव आम्ही पाकिटावर घालतच नाही. पंधरा वर्सं झाले, हाच रिवाज हाय. मानूस म्हंजे सही करनारा. बाकीचा मजकूर."

'मजकूर' म्हटल्यावर मी ताठ झालो, पण पाकीट घेतले. अक्काची आठवण होती.

गुरुवारी आम्ही तपासणीला गेलो. तिकिटे इंद्रभानजवळ होती, कारण मी ती हरवतो. वाटेत त्याने माझ्या कोटाची बटने दोनदा नीट लावली, कारण मी ती चुकवतो. दवाखान्याच्या दारात तो 'मजकूर' आठवून रागाने तळमळत मी ती पुन्हा सोडली, पुन्हा लावली.

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते आणि बाहेर साठ माणसे बसली होती. त्यांनी पाकीट पाहिले.

"मोतीराम कोण?"

"मी!"

"बसा." मी समोरच्या स्टुलावर बसलो. इंद्रभान भिंतीशी उभा राहिला.

"हा त्रास केव्हापासून आहे?"

"बावीस वर्षे!"

"झोप?"

"कसली झोप! नियमपुस्तिका उशाशी घेऊन पडतो."

"घरी कोण कोण असतं?"

"ग्रंथ. अठराशे."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिले आणि इंद्रभानकडे वळले. "आणि आपण?"

"इंद्रभान. आज गुरुवार हाय. तुमचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं हाय." तो पुढे झाला, पान फाडले, चार घड्या करून टोपलीत ठेवले.

डॉक्टर चक्क हसले! पोरगा शहाणा ठरत होता! दोन वर्षांची खटपट एका कॅलेंडरपायी जात होती!

"फसू नका!" मी उठलो. "तो शहाणा दिसतो, यातच सारे आले! त्याला वार कळतो, वेळ कळते, पण जग कळत नाही! परदेशी विद्वानांनी त्याला नाव दिले आहे, मीही दिले आहे, पण तुमच्या यादीत सहाच शब्द! सहा! आणि मला सातवा ठाऊक आहे!"

"शांत व्हा."

"मी शांतच आहे!" असे म्हणून मी टेबलावर मूठ मारली. दौत उडाली.

इंद्रभानने कानांवर हात घेतले. मग हात खाली आणले, खिशातून फडके काढले, शाई पुसली आणि टाक उंचीप्रमाणे लावले. डॉक्टर आवाज उतरवून त्याच्याशी बोलू लागले. ते आता त्याची कसून परीक्षा घेत आहेत, अशा समजुतीने मी डोळे मिटून श्वास आवरत बसलो. शब्द मात्र कानावर पडत होते.

"यांना तुम्हीच घेऊन आलात?"

"हो. तिकिटं माह्याजवळ हायत."

"नेहमी असंच बोलतात?"

"हाव. घरी जास्त."

"आणि ही बटनं?"

"रोज चुकते. मी लावून देतो."

"तुम्ही फार करता हो यांचं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी शिक्का मारला. तो आवाज मला फार गोड वाटला.

महिन्याने हुकूम आला. शंकररावांनी तो वाचला, मग माझ्याकडे पाहिले, मग खुर्ची जराशी मागे घेतली.

"खोली नंबर पाच मंजूर! अभिनंदन."

"दाखवा." मी वाचले. 'श्री. मोतीराम हे वेडसर असून कायम असमर्थ आहेत. त्यांचा भाचा इंद्रभान हा सुज्ञ, समंजस असून पालक म्हणून नेमण्यास योग्य आहे.'

मी काय बोललो ते मला आठवत नाही. दोन शिपायांना आठवते.

"चूक दुरुस्त करा! मी आत्ता अर्ज लिहितो!"

"तुमचा अर्ज नाही चालत, गुरुजी," शंकरराव अगदी मऊ आवाजात म्हणाले. पूर्वी ते माझ्याशी कधी मऊ बोलले नव्हते. "वेड्याची सही हाय ते. तुमच्या पालकाले सही करू द्या." आणि त्यांनी कोरा कागद इंद्रभानपुढे सरकवला. "करता का हो, सायेब?"

सायेब! बावीस वर्षांत त्याला कोणी सायेब म्हटले नव्हते. शहाणा ठरायला माणसाला किती थोडे लागते! शेजारी त्याच्याहून मोठ्याने ओरडणारा एक जण असला की झाले.

इंद्रभानने हुकूम पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. "शिक्का सरळ हाय," तो म्हणाला, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

दुसरे डॉक्टर, वरिष्ठ कचेरी, मुंबई: मला हे सारे करता आले असते. नांदुऱ्याला उतरलो तेव्हा तसा बेतही पक्का होता. अक्काच्या खाटेशी सिंधूताई शेजारीण बसली होती. तिने मला बाजूला बोलावून सांगितले, "आता काही खरं नाही, भाऊ."

"मोतीराम," अक्काने विचारले, "भेटली?"

"भेटली. नंबर पाच."

"कोनासंगं राह्यते तो?"

माझ्या तोंडी उत्तर आले, तेव्हा त्यात तळटीप नव्हती.

"माह्यासंगं."

अक्का हसली. हसताना खोकली, खोकताना पुन्हा हसली. "इतलंच तं म्या म्हटलं होतं रे," ती म्हणाली. "दोन वर्सं लावले तुनं!"

पाचव्या दिवशी ती गेली.

पुढचे सगळे सोपे होते. शाळेचे सचिव हुकूम वाचून भाच्याइतकेच शांत राहिले. "आम्हाला शंका होतीच," एवढेच म्हणून त्यांनी मला कामावरून कमी केले. घरमालकांनी सांगितले की वेड्याला भाडेकरू ठेवायला ते स्वतः वेडे नाहीत. अशा रीतीने शासनाने आधी मला असमर्थ ठरवले, मग खरोखरीच केले, आणि शेवटी आसरा दिला. योजना परिपूर्ण आहे. तिला फक्त योग्य माणूस सापडत नाही, म्हणून ती हाताशी आलेल्याला तसा बनवून घेते.

खोली नंबर पाचमध्ये आम्ही दोघे राहतो. ग्रंथ उंचीप्रमाणे आहेत. इंद्रभान आता चाळीतल्या सर्वांची डाळ निवडून देतो. भाकरीला वरण लागू न देण्याची काळजी मी घेतो.

वर्ष झाले, तेव्हा तपासनीस आले. नियम असा की वेड्यात सुधारणा झाली असेल तर खोली रद्द. मी सकाळपासून घामाघूम! इंद्रभानला खोटे येत नाही. तो म्हणणार, मामा वेडे नाहीत. आणि दुपारी आम्ही दोघे रस्त्यावर.

तपासनीसांनी वही उघडली. "काय हो पालक, तुमच्या मामांत काही सुधारणा?"

इंद्रभानने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "नाही. काहीच नाही."

तपासनीस लिहून घेऊन गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. ज्या पोराला जन्मात खोटे जमले नाही, त्याने आज माझ्यासाठी, आमच्या घरासाठी, हे केले! विदेशी विद्वानांना मी पत्र लिहिणार होतो. मी त्याचा हात धरला. त्याला ते आवडत नाही, तरी धरला.

"इंद्रभान, माह्यासाठी तू खोटं बोलला रे!"

त्याने हात सोडवून घेतला.

"खोटं कोन बोललं?" त्याने विचारले, आणि माझ्या कोटाचे तिसरे बटन काढून दुसऱ्या काजात घातले.