बिनविरोध साहेब

वैदेहीने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "सर, हे सगळं रद्द करावं लागणार."

चिंतामणरावांनी गठ्ठा पुढ्यात ओढला. लोणी देवकरच्या एका कारखान्याचे ते व्यवस्थापक. बायको मालती मुलीच्या कॉलेजपायी पुण्यात, हे बारामतीत दोन खोल्यांत. सकाळी गाडीत एकटे, दुपारी केबिनमध्ये डब्यापुढे एकटे, रात्री टीव्हीपुढे एकटे. म्हणून ही संशोधक पोरगी साहेबांचं नेतृत्व मोजायला प्रश्नावली घेऊन आली, तेव्हा त्यांना मनातून उकळ्या फुटल्या होत्या. नेतृत्व गेलं खड्ड्यात. इथल्या एका तरी माणसाला आपल्याबद्दल काही वाटतं का, एवढंच त्यांना हवं होतं.

"वाईट लिहिलंय का?"

"वाईट कुठलं! सगळ्यांनी सगळीकडे 'नेहमी'वर खूण केलीय. माणसं घडवणारे नेते? नेहमी. काम करा नि बक्षीस घ्या, असे व्यवहारी नेते? तेही नेहमी. पण 'अडचणीच्या वेळी साहेब सापडत नाहीत', यालाही नेहमी!"

हा पराक्रम जोतीराम फिटरचा. तो शेळगावच्या सोसायटीचा संचालक. कागदावर खूण करायची म्हणजे निवडणूक, आणि शहाणी माणसं निवडणूक होऊच देत नाहीत, हे त्याचं पक्कं मत. साहेबांनी त्याला बोलावलं.

"जोतीराम, असं का केलंत?"

"साहेब, तुमची अब्रू ऱ्हायला पायजे का न्हाय? आमी समद्यांनी बसून ठरवलं. तुमाला बिनविरोध काढलं!"

"अरे, पण मला खरं पाहिजे होतं!"

"बिनविरोधपरीस खरं काय आसतंय, साहेब?"

चिंतामणराव तडक कॅन्टीनमध्ये गेले. ते तिथं कधीच येत नसत, त्यामुळे हातातला घास हातात घेऊन सगळे उभे राहिले.

"कागद पुन्हा भरा. मनात येईल ते लिहा. मी कुणाला काही बोलणार नाही."

ते वळताच कुजबुज सुरू झाली. "विरोधक पायजे म्हणं साहेबाला!"

"कोन कोन विरोधात हाय ते हुडकाय लागलाय, गड्या. सांभाळून."

माणूस भितो किती, हा प्रश्न त्या प्रश्नावलीत नव्हता. असल्या मोजपट्ट्या बनवणाऱ्यांची रोजंदारी कधी बुडालेली नसते.

दुसऱ्या दिवशी चिंतामणरावांनी डबा उघडला, तोच वैदेही धावत आली. "सर, लवकर चला! पॅकिंगच्या प्रयागबाईंनी एका ठिकाणी 'कधीच नाही'वर खूण केली, तर कॅन्टीनमध्ये सगळे त्यांच्याभोवती जमलेत!"

चिंतामणराव डबा तसाच टाकून पळाले. कधीच नाही! कुणीतरी आपल्याकडे नीट बघितलं होतं. कुणालातरी आपला राग आला होता. त्यांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पण जोतीराम त्यांच्याआधी पोचला होता. प्रयागबाईंचा दीर, भाऊ, पोराची नोकरी, सगळं मधे घालून त्याने मिटवलं होतं.

"प्रयागबाई, काय होतं मनात?" साहेबांना धाप लागली होती.

"घेतला की अर्ज मागं!" प्रयागबाईंनी पदर सावरला.

"मी रागावलो नाही हो. कुठला प्रश्न होता तो?"

"आता कशाला उकरायचं? बारीकसंच हुतं. जोतीरामभावजींनी कागद फाडला, मिटलं."

"बारीक असू द्या. शिव्या द्या पाहिजे तर. पण सांगा!"

त्यांचा आवाज असा काही चिरकला, की बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. प्रयागबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात जोतीराम ओरडला, "चिंतामणराव साहेबांचा विजय असो!" आणि गुलालाची अख्खी पिशवी त्यांच्या डोक्यावर रिकामी झाली. या तालुक्यात गुलाल कुठून आला असं कोणी विचारत नाही.

भोंगा झाला. माणसं आपापल्या मशीनवर गेली, प्रयागबाईही गेल्या.

"सर, हेही रद्द," म्हणत वैदेही गठ्ठा उचलून निघून गेली.

चिंतामणराव नाकाडोळ्यांत गुलाल घेऊन कॅन्टीनच्या बाकड्यावर बसले. समोर कोणी नव्हतं. ना बाजूने, ना विरोधात.